वाफसा येईपर्यंत : टोमॅटोच्या दोन वाफ्यांच्या नोंदी

राजेंद्रनगर, इंदूर. घराच्या मागचं अंगण. वाफे दोन, प्रत्येकी १२ फूट लांब आणि ४ फूट रुंद. एक तुळशीकडचा, एक भिंतीकडचा. रोपं ऑक्टोबरमध्ये लावायची आहेत, तरी नोंदी एप्रिलपासून. गेल्या वर्षी लागवडीपासून लिहायला घेतलं होतं, आणि वहीतून एवढंच कळलं की कोणतं रोप कोणत्या तारखेला गेलं.

२ एप्रिल

जमीन भेगाळली आहे. तुळशीकडच्या वाफ्यातल्या एका भेगेत लेकीची बारा इंची पट्टी सोडून बघितली. सबंध आत गेली. काढायला स्वयंपाकघरातला चिमटा आणावा लागला, आणि पट्टी शाळेत न्यायची असल्यामुळे दिवसाची सुरुवात बोलणी खाऊनच झाली.

गेल्या वर्षीचं थोडक्यात: नर्सरीतून रोपं आणली, खुरप्यानं खड्डे केले, लावली. महिन्याभरात शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. मी युरिया दिला. पिवळी ती पिवळीच. बत्तीस रोपांतून एकूण पावणेदोन किलो टोमॅटो निघाले, त्यातल्या अर्ध्यांची बुडं काळी. आई (सासूबाई) म्हणाल्या, "चोइथराम मंडीत जाऊन आली असतीस तर भाडं धरूनही स्वस्त पडले असते."

३ एप्रिल

कुदळ मारली. दगडावर बसावी तशी उडाली. मग नळी सोडून वाफा भिजवला, उद्या खणू म्हटलं.

४ एप्रिल

आज कुदळ आत गेली, पण बाहेर येईना. आली तेव्हा फाळाला अर्धा किलो माती चिकटलेली. चप्पल वाफ्यातच राहिली. जे चार फावडे उलटले, त्यांची संध्याकाळपर्यंत उन्हानं विटांसारखी ढेकळं झाली.

शेजारचे पटवारीकाका कुंपणापलीकडून बघत होते. नोकरीची तीस-पस्तीस वर्षं त्यांनी देपालपूर, सांवेरकडच्या शेतांत काढली. म्हणाले, "बतर आई नहीं और आप खोदने लगीं." बतर म्हणजे आपला वाफसा. माती ना सुकी ना ओली, मध्येच कुठेतरी असते, अवजार लागलं की मोकळी होते, तेवढेच दोन-चार दिवस. लहानपणी आजोळी हा शब्द रोज कानावर पडायचा. इंदुरात इतकी वर्षं राहून माझ्या तोंडून तो गेलाच होता.

काकांनी मालव्याची जुनी ओळ ऐकवली, "मालव धरती गहन गंभीर, डग डग रोटी पग पग नीर", आणि वर जोडलं, "गहन गंभीर है, तभी तो जल्दी नहीं मानती."

७ एप्रिल

भिंतीकडच्या वाफ्याचं गूढ उकललं. सहा वर्षांपूर्वी न्हाणीघर नवं केलं तेव्हा ठेकेदारानं "मलबा उचलून नेला" म्हणून पैसे घेतले होते. मलबा इथेच पुरलाय. भिंतीलगत दोन फुटांच्या पट्ट्यात विटांचे तुकडे, प्लास्टर, फरशीच्या कपच्या. अकरा घमेली निघाली.

त्यातला एक पांढरा खडा बशीत ठेवून व्हिनेगर टाकलं. फसफसला. मग तुळशीकडच्या साध्या मातीतले बारीक पांढरे खडे घेतले, तिथे मलबा नाही. तेही फसफसले, जरा कमी. म्हणजे चुना नुसत्या ठेकेदाराचा नाही, या जमिनीचाच आहे. माळव्याचं पठार काळ्या बेसॉल्टचं. तो खडक झिजून झालेल्या मातीत चुनखडीचे खडे असतात. फुगणारी-आकसणारी चिकणमाती त्याच खडकाची देणगी, म्हणूनच उन्हाळ्यात भेगा आणि पावसाळ्यात चिखल.

९ एप्रिल

निचऱ्याची चाचणी. फूटभर खोल, फूटभर रुंद खड्डा करून पाण्यानं भरला. चार मिनिटांत गुडूप! मी लगेच वहीत "निचरा उत्तम" लिहून मोकळी झाले.

पटवारीकाकांनी दुसऱ्यांदा भरायला लावला. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी तासाभरात पाणी जेमतेम अर्धा इंच उतरलं. पहिलं पाणी जमिनीत मुरलं नव्हतं, भेगांतून खाली पळालं होतं. माती फुगली, भेगा मिटल्या, दारं बंद. "निचरा उत्तम" खोडलं. तासाला इंच-दोन इंच तरी उतरायला हवं.

११ एप्रिल

मातीचा नमुना काढला. दोन्ही वाफ्यांचे वेगळे. प्रत्येकात पाच ठिकाणी इंग्रजी व्हीसारखा सहा इंच खोल काप घेऊन कडेची चकती काढायची, सगळं मिसळायचं, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवायचं. खताची जुनी पिशवी वापरायची नाही, नाहीतर अहवाल पिशवीचा येतो.

२९ एप्रिल

अहवाल आला. तुळशीकडचा वाफा: सामू (पीएच) ८.१, सेंद्रिय कर्ब ०.४२ टक्के, नत्र (नायट्रोजन) कमी, स्फुरद (फॉस्फरस) मध्यम, पालाश (पोटॅश) भरपूर, जस्त ०.४ पीपीएम म्हणजे कमी (०.६ तरी हवं). लोह पुरेसं. भिंतीकडचा: सामू ८.४, क्षारही थोडे चढलेले.

टोमॅटोला सहा ते पावणेसातच्या आसपासचा सामू आवडतो. मी प्रयोगशाळेतल्या तरुणाला विचारलं, गंधक टाकून खाली आणू का? तो हसला. "मैडम, पीएच के पीछे मत पड़िए. कंपोस्ट डालिए." नंतर विचारलं, "आरओ का पानी डालती हैं क्या?"

घालते ना. दोन वर्षं मोठ्या अभिमानानं घालतेय. आरओच्या नळीतून जे बाहेर पडतं ते वाया जाऊ नये म्हणून बादली भरून भिंतीकडच्या वाफ्यात. आमच्या बोअरच्या जड पाण्यातले सगळे क्षार गाळून, घट्ट करून मी स्वतःच्या हातानं टोमॅटोला पाजले. आजपासून ते पाणी फरशी धुवायला.

घरी येऊन गंधकाचा हिशेब मांडला, कारण मी जन्माची हिशेबनीस. एक चौरस मीटर, सहा इंच खोल माती म्हणजे साधारण २०० किलो. चुनखडी पाच टक्के धरली तर १० किलो. ती विरवायला गंधक लागेल ३ किलोच्या वर. दोन वाफे मिळून नऊ चौरस मीटर. म्हणजे अठ्ठावीस-तीस किलो गंधक, आणि तेवढं घातल्यावर त्या मातीत टोमॅटो काय, काहीच उगवणार नाही. मुलगा बरोबर हसला होता.

पिवळ्या पानांचाही उलगडा झाला. लोह जमिनीत आहे, पण चुनखडीच्या मातीत ते मुळांना उचलता येईल अशा रूपात राहत नाही. त्यात पाणी साचलं की आणखी अडतं. म्हणून नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. नत्राची भूक असती तर खालची, जुनी पानं आधी पिवळी पडली असती. युरिया म्हणजे नत्रच, तो फुकट गेला.

३० एप्रिल

मालवणच्या मावशीचा फोन. "अगो, चुलीतली राख घाल नि मूठभर चुना. माझ्या टोमॅटोंका बघ कशी फळां धरतत!"

मावशीचं चुकत नाही. तिच्याकडे जांभा, तांबडी माती, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. चुना, मॅग्नेशियम सगळं धुऊन समुद्रात. माती आंबट झालेली, तिला राख आणि चुना औषधच. माझ्याकडे पाऊस हजाराच्या आत-बाहेर, आणि चुना बाहेर जातच नाही. तिची राख माझ्या वाफ्यात टाकणं म्हणजे मिठाच्या आमटीत मीठ. हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "बरां, मग गूळ घाल." तोही प्रयोग कोणी करत असेलच.

४ मे

कंपोस्टचा ढीग रचला. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण ही पद्धत आमच्या गावाची आहे आणि गावातच कोणाला फारशी माहीत नाही.

१९२४ साली इंदुरात इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री निघाली. अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक, १९३१ पर्यंत इथेच होते. कापसावर काम करायला आलेला माणूस कचऱ्यात शिरला. शेतातला काडीकचरा, शेण, गोठ्यातली मुतानं भिजलेली माती आणि थोडी राख यांचे थर रचून, तीनदा उलथून, तीन महिन्यांत खत करायची रीत त्यांनी बसवली. तिला जगभर इंदूर पद्धत म्हणतात. १९३१ मध्ये त्यावर पुस्तक आलं, त्यावर नावं दोन: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. हॉवर्डना सगळे ओळखतात. वाडांचं नाव मला चाळिशीत कळलं, आणि ते इंदूरच्या मराठी घरात राहून. ती जागा म्हणजे आजचं कृषी महाविद्यालय. तिथून मी शेकडो वेळा गेले असेन.

हॉवर्डांचे खड्डे ३० फूट लांब आणि १४ फूट रुंद असत. माझा ढीग ४ बाय ४. तळाला तुरीच्या काड्या, हवा खेळायला. वर वीतभर वाळकी पानं (बागेच्या माळ्याकडून पाच पोती, कडुनिंब आणि शिसव), त्यावर घरातला ओला कचरा, त्यावर शेणकाला, त्यावर गोठ्यातली माती. पुन्हा पानं. असे सहा थर, कंबरेएवढा ढीग. राख वगळली. त्यांच्या कृतीत आहे, पण माझ्या मातीला नको.

ओला कचरा घरीच ठेवतेय, तर सकाळच्या कचरागाडीवाल्याला संशय. गाडीच्या ओल्याच्या खणात आमच्या घरून तीन दिवस काहीच नाही. "आंटी, गीला किधर?" मी त्याला मागे नेऊन ढीग दाखवला. त्यानं हात घालून बघितला, म्हणाला, पानी कम है. त्याचंच खरं होतं. मेच्या उन्हात वरचा थर चार तासांत कोरडा होतो. पोतं भिजवून झाकलं.

९ मे

ढिगात लोखंडी सळई खुपसून दोन मिनिटांनी काढली. हातात धरवेना. चाललंय.

२० मे

पहिली उलथणी. बाहेरचं आत, आतलं बाहेर. मधोमध पांढरी बुरशी, राखेसारखी. वास ओल्या जंगलाचा. एका कोपऱ्याला मात्र सडका, तिथे आईंनी परवाचं आंबलेलं वरण ओतलं होतं. तिथे जास्तीची पानं कोंबली.

५ जून

दुसरी उलथणी. ढीग कंबरेवरून गुडघ्याच्या वर आलाय. पानांची अजून पानं ओळखू येतात.

मलबा काढल्यानं भिंतीकडचा वाफा खोलगट झालाय. एका नर्सरीवाल्यानं ठामपणे सांगितलं, "काली मिट्टी में रेत मिलाओ, भुरभुरी हो जाएगी." बांधकामाची वाळू सहा घमेली मिळाली, मिसळली. तुळशीकडच्यात नाही मिसळली, वाळू संपली म्हणून. इतकं सोपं कारण.

२४ जून

पाऊस. रात्रभर. सकाळी भेगा गायब, जशा कधी नव्हत्याच.

२७ जून

दोन्ही वाफ्यांत धैंचा (वाढला की मातीत गाडायचं हिरवळीचं खत) फोकला, चौरस मीटरला पाच ग्रॅमच्या हिशेबानं, म्हणजे मूठभरच. बियाणं रात्री भिजत घातलं होतं. धैंचा द्विदल, मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र धरतो. चढ्या सामूच्या जमिनीतही तक्रार करत नाही आणि पाय पाण्यात असले तरी मरत नाही. माझ्या मातीसाठीच जन्माला आल्यासारखा.

५ जुलै

तिसरी उलथणी. आता वरून ताडपत्री, पावसानं धुऊन जाऊ नये म्हणून. धैंचा चार बोटं.

१९ जुलै

तीन दिवस संततधार. वाफ्यात पाणी उभं. याच जागी गेल्या वर्षी रोपं होती. कल्पना करवत नाही. कडेनं चर काढून पाणी नालीकडे सोडलं. लागवड गादीवाफ्यावरच करायची, आठ इंच उंच तरी. हे आज चिखलात उभं राहून ठरलं.

१० ऑगस्ट

धैंचा माझ्या खांद्याला लागलाय. ४४ दिवस. फुलं यायच्या आत गाडायचा, नंतर खोड लाकूड होतं आणि कुजायला महिने घेतं. पण माती चिखल आहे. पटवारीकाका कुंपणावर: "काट लो, ऊपर ही पड़ा रहने दो. बतर आएगी तब मिलाना."

तुळशीकडचा विळ्यानं कापून जागेवरच पसरला. भिंतीकडचा मात्र मी आणि ह्यांनी मिळून आजच गाडला. उद्यापासून ह्यांची सुट्टी संपत होती आणि फावडं मारायला दुसरा माणूस नव्हता. फावड्याच्या प्रत्येक घावाला माती कापल्यावर चकचकत होती, खरवसाच्या वडीसारखी. तेव्हाच थांबायला हवं होतं.

१६ ऑगस्ट

कंपोस्ट तयार. गाळल्यावर २६ घमेली. काळं, सुटं, मुठीत दाबलं की गोळा होतो आणि बोट लावलं की फुटतो. चाळणीवर उरलेल्या काड्या पुढच्या ढिगाला. एका घमेल्यात गांडुळं मोजायला गेले, चाळीसला सोडून दिलं.

वसाहतीत एकांनी बाजारातून आणलेलं "तयार शेणखत" बघायला दिलं. पोत्यात हात घातला तर गरम, आणि पांढऱ्या, सी आकाराच्या अळ्या. हुमणी. अर्धकच्च्या शेणातून येते आणि नंतर मुळं कुरतडते. त्यांना म्हटलं, पोतं तसंच ठेवा, दोन महिने कुजू द्या, अळ्या वेचून काढा. त्यांनी दुकानदाराला परत करायचं ठरवलं. दुकानदार म्हणाला, अळ्या म्हणजे खत असली असल्याची खूण!

२५ ऑगस्ट

रोपांसाठी बी टाकलं. पुसा रूबी आणि अर्का रक्षक. पहिलं दिल्लीच्या पुसा संस्थेचं जुनं वाण, पातळ सालीचं, आमटीला छान. दुसरं बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं संकरित, पर्णगुच्छ (पानं मुरडणारा विषाणू), मर आणि करपा या तिन्हींना दाद न देणारं. बी ट्रेमध्ये, कोकोपीट आणि गाळलेल्या कंपोस्टमध्ये.

३० ऑगस्ट

पावसानं आठवडाभर उघडीप दिली. आज सकाळी तुळशीकडच्या मातीचा लाडू वळला, कंबरेच्या उंचीवरून टाकला. फुटला, चार-पाच तुकडे आणि भुगा. काल टाकला होता तेव्हा नुसता चपटा झाला होता. आणखी दोन दिवसांनी टाकला तर बहुधा दगड. आज वाफसा.

ऑफिसात अर्धी रजा सांगितली. कारण लिहिलं "घरगुती". दोन तासांत सबंध वाफा उलटला, कापलेला धैंचा आत. कुदळीला माती चिकटली नाही. एप्रिलमध्ये याच जागी चप्पल राहिली होती.

१४ सप्टेंबर

भिंतीकडचा वाफा. वरून कोरडा, म्हणून खुरपं घातलं. ढेकळं. फोडली की आत चकचकीत, आणि मधे काळपट-हिरवा धैंचा, कुजलेला नाही, लोणच्यासारखा मुरलेला. गटाराचा वास. हवा आत गेलीच नाही. वाळूचे कण मातीत विटेतल्यासारखे बसलेत. चिकणमातीत थोडीशी वाळू म्हणजे वीटच. खरोखर हलकी करायची तर अर्ध्याहून जास्त वाळू लागेल, म्हणजे वाफा नव्हे, चौपाटी.

आता दोष वाळूचा, की ओल्यात गाडण्याच्या घाईचा, की दोन वर्षांच्या आरओच्या पाण्याचा, हे मला सांगता येणार नाही. तिन्ही एकाच वाफ्यात केले. प्रयोग म्हणून नापास.

२८ सप्टेंबर

पुन्हा वाफसा आला (लाडू दोनदा टाकून खात्री केली). गादीवाफे केले. प्रत्येकावर दोन इंच कंपोस्ट. हिशेबानं ८ घनफूट, म्हणजे वीस-एक घमेली. एका वाफ्याला पुरलं, दुसऱ्याला सहाच उरली. भिंतीकडच्याला वसाहतीच्या खड्ड्यातलं जुनं पानखत मागून आणलं, तेही चौदा घमेली. त्याबद्दल दिवाळीला चकल्या द्यायचं कबूल करून बसलेय.

शिवाय वाफ्याला अर्धा किलो निंबोळी पेंड. झिंक सल्फेट ११ ग्रॅम. पुस्तकात हेक्टरी २५ किलो लिहिलेलं असतं, ते आपल्या वाफ्यावर आणलं की चहाचे दोन चमचे. कंपोस्टमध्ये मिसळून टाकलं. ट्रायकोडर्माचं (रोगाच्या बुरश्यांना आवरणारी उपयोगी बुरशी) पाकीट कंपोस्टला आठवडाआधीच चोळून सावलीत ठेवलं होतं. रासायनिक स्फुरद या वेळी नाही.

मधे पाय ठेवायचा नाही हा नियम सगळ्यांना सांगितला. चार फूट रुंदी त्यासाठीच, दोन्हीकडून हात पोचतो. मांजरानं पहिल्याच रात्री मोडला.

५ ऑक्टोबर

लागवड, उन्हं उतरल्यावर. वाफ्यात दोन ओळी, ओळींत दोन फूट, रोपांत दीड फूट, १६ अधिक १६. खालची पानं खुडून खोड वरच्या पानांपर्यंत मातीत गाडलं. टोमॅटोला गाडलेल्या खोडावरही मुळं फुटतात. मावशीनं फोनवर बजावलेलं हे एक मात्र जांभ्यात आणि काळ्या मातीत सारखंच लागू.

मिरची, वांगं, बटाटा ही टोमॅटोची भावकी या जागी गेल्या वर्षी नव्हती, पण टोमॅटो होताच. फेरपालट म्हणून जागा बदलायला दुसरी जागाच नाही. कडेनं झेंडू लावला, सूत्रकृमी (मुळांत शिरणारे बारीक जंत) आवरण्यासाठी. आईंना वाटलं दिवाळीच्या हारासाठी. दोन्ही.

१२ ऑक्टोबर

सोयाबीनची कापणी आटोपलीय. काकांच्या ओळखीनं सांवेरकडून दोन पोती भुसा आला. तीन इंच आच्छादन, खोडापासून चार बोटं लांब. भुसा मातीत मिसळायचा नाही, वरच ठेवायचा. मिसळला की तो कुजवायला जिवाणू मातीतलाच नत्र खर्च करतात.

खरं काम याचं पुढे आहे. नर्मदेचं पाणी आमच्याकडे एक दिवस आड येतं. जलूदहून सत्तरेक किलोमीटर चढून येतं, १९७८ पासून. ते पिण्याला. बागेला बोअरचंच. गेल्या वर्षी मी आठवण आली की पाणी घालायची, कधी पूर, कधी दुष्काळ. बुडं काळी पडली ती त्यातूनच. चुना जमिनीत ढिगानं आहे, पण तो पाण्याबरोबरच फळापर्यंत पोचतो. पाण्यात खंड पडला की फळाचं टोक उपाशी. आच्छादनाखाली बोट घालून बघते, दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तरच पाणी.

९ नोव्हेंबर

फुलं. तुळशीकडे १६ पैकी १६ उभी, भिंतीकडे १३. गेलेल्या तिघांतलं एक उपटून बघितलं. मुळं तीन इंच खाली जाऊन आडवी वळलेली, कुंडीतून काढल्यासारखी. खाली ढेकळांचा थर आहे, त्याला भिडून परत फिरलीत.

नवी पानं: तुळशीकडची हिरवी. भिंतीकडची अजून फिकट, पण गेल्या वर्षीइतकी नाहीत.

२३ नोव्हेंबर

सळईची चाचणी. एप्रिलमध्ये पूर्ण जोर लावून तीन इंच गेली होती. आज तुळशीकडे एका हातानं नऊ-दहा. भिंतीकडे पाचवर टणक लागतं.

निचऱ्याची चाचणीही दोन्हींच्या टोकाला. या वेळी तीनदा भरून मगच लिहितेय: तुळशीकडे तासाला सव्वा इंच, भिंतीकडे पाऊण.

भुसा बाजूला करून भेगा शोधल्या. तुळशीकडे एकही नाही. पटवारीकाकांना बोलावून दाखवलं. त्यांनी मूठभर माती उचलली, वास घेतला, आणि कुंपणापलीकडे जाऊन स्वतःच्या बायकोला दाखवून आले. बोलले काही नाही.

७ डिसेंबर

पहिले पिकलेले सात, सगळे तुळशीकडचे. पुसा रूबी. आईंनी सार केलं. बुड काळं असलेला एकच, तो आठवडाभर आम्ही पुण्याला गेलो होतो तेव्हाचा. मागे पाणी लेकीच्या मैत्रिणीवर सोपवलं होतं.

१३ डिसेंबर

भिंतीकडच्या वाफ्याचं ठरलं. वाळू काढता येत नाही. उन्हाळ्यात भेगा पडतील तेव्हा कंपोस्ट वरून सारून भेगांतच उतरवायचं. जमीन स्वतःच दारं उघडते तर कुदळ कशाला? काकांची कल्पना. पावसाळ्यात पुन्हा धैंचा, आणि या वेळी गाडायला रजा वाफसा बघून टाकायची, ह्यांची सुट्टी बघून नाही.

नवा ढीग आज रचला. तुरीच्या काड्या मिळाल्या नाहीत, तळाला झेंडूची खोडं. पानं तीनच पोती, माळी बदललाय. कचरागाडीवाल्यानं शेजारच्या दोन घरांचा ओला कचरा आपण होऊन आणून दिला, वेगळा बांधून. शेणासाठी सोमवारी गोठ्यावर जायचं. पहिली उलथणी २९ डिसेंबरला.